शाळेला यंत्र द्यावे की काम द्यावे?

शाळेला देणगी देणे म्हणजे संगणक देणे, असा एक समज गेल्या पंधरा-वीस वर्षांत व्यापारी वर्गात दृढ झाला आहे. आपले वाडवडील शाळेची खोली बांधून देत, विहीर खणून देत, पाटी-पुस्तके वाटीत. आता भिंतीवरचा मोठा पडदा, संगणक, टॅब्लेट यांची मागणी येते आणि आपणही ती हौसेने पुरवितो. फीत कापली जाते, संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते. दोन वर्षांनी त्या यंत्रांचे काय झाले हे पाहण्यास मात्र सहसा कोणी परत जात नाही. आम्हांस अशा एका शाळेत जाण्याचा योग आला. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. संगणक सहा होते, त्यांवर जाड कापडाचे अभ्रे होते, आणि ते खराब होऊ नयेत म्हणून मुलांना त्यांस हात लावू दिला जात नव्हता. नवा काटा घेऊन तो कपाटात ठेवणारा आणि माल अदमासाने विकणारा दुकानदार आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय?

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही; तेव्हा शिक्षणशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकास एक शाळा ठाऊक असते. नव्या मुलाला आपण पहिल्या दिवशी व्याख्यान देत नाही. परखी हातात देऊन पोत्यातून नमुना काढावयास लावतो, दाणा दाताखाली घेऊन ओला की सुका ते सांगावयास लावतो, आणि संध्याकाळी रोजमेळ जुळेपर्यंत उठू देत नाही. चूक झाली तर ती आकड्यांतच दिसते. कोणी रागावण्याची गरज पडत नाही. शाळेतही असेच घडावे, आणि ते मुलांच्या पुढाकाराने घडावे, म्हणून जे प्रयत्न चालू आहेत त्यांत मुलांनी हाती घेतलेल्या कामास प्रकल्प म्हणतात.

हा शब्द आपल्या घरोघरी पोहोचला आहे, पण विपरीत रूपाने. शनिवारी रात्री नऊ वाजता चिरंजीव सांगतात की, सोमवारी ज्वालामुखीचा प्रकल्प द्यावयाचा आहे. मग वडील थर्माकोल आणतात, आई रंग देते, तक्ते स्टेशनरीच्या दुकानातून तयार मिळतात, आणि गुण चिरंजिवांना पडतात. यात मुलाने काही शोधले नाही, मोजले नाही, आणि तो ज्वालामुखी कोणाच्या उपयोगाचाही नव्हता.

मूळ कल्पना याहून पुष्कळ गंभीर आहे आणि नवीही नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. मुलाने मनापासून हाती घेतलेले सहेतुक काम हाच शिक्षणाचा घटक मानावा, असा त्याचा रोख होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. त्याच्याही आधी, १९१९ साली, कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊरावांचा जन्म कुंभोजच्या जैन घराण्यातला, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ओगले यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांचा माल विकीत ते गावोगाव फिरले होते, हे कित्येकांस माहीत नसेल. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले आपला स्वयंपाक, शेतकाम, बांधकाम स्वतः करीत आणि शिकत. शिक्षण व हिशेब यांची सांगड त्यांना सुचली ती, आमच्या मते, त्या फिरतीतच सुचली असावी.

यंत्रविद्या आणि मुलांचा पुढाकार यांची गाठ मात्र आपल्या प्रांतात कोणी नेमकी मारली असेल तर ती डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. डॉ. कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून आलेले, हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागात वरच्या पदावर काम केलेले. नोकरीतून मोकळे झाल्यावर मुंबईत आरामात राहणे त्यांस सहज शक्य होते. त्याऐवजी १९८३ साली ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला.

पाबळला येणारी मुले पुष्कळशी शाळा सोडलेली किंवा परीक्षेत अडलेली असत. त्यांच्यासाठी एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला गेला. त्यात धातूकाम-बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य हे चार विभाग. आणि प्रत्येकाने चारही शिकावयाचे. मुलींनी वेल्डिंग करावयाचे, मुलांनी स्वयंपाकघरात पोषणमूल्ये मोजावयाची. यातील मर्म असे की, जे काम करावयाचे ते गावाला हवे असलेले असावे आणि शक्यतो त्याचे दाम मिळावे. मुलाने लोखंडी फाटक केले तर ते कोणाच्या तरी कुंपणाला बसावयाचे असते. बसले नाही तर गुरुजींनी दिलेल्या गुणांचा उपयोग नाही. घरमालक समोर उभा असतो. मग कोन का चुकला हे पाहणे आले, भूमिती आली. लोखंड किती लागले, वाया किती गेले, मजुरी किती, यंत्राचा घसारा किती धरावा हे सर्व वहीत मांडणे आले. जी अपूर्णांकांची गणिते वर्गात नकोशी वाटत, तीच येथे आवश्यक ठरली. माती तपासणे, रक्तातील हिमोग्लोबिन पाहणे अशी कामेही याच रीतीने गावासाठी होऊ लागली.

पुढे हीच पद्धत आसपासच्या माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी नेण्यात आली. आठवड्यातील एक दिवस हाताने करावयाच्या कामासाठी राखून ठेवावयाचा, आणि शिकविण्यास त्या त्या धंद्यातील गावचे जाणकार कारागीर बोलवावयाचे, अशी ही व्यवस्था. पदवीचा कागद नसलेल्या गवंड्यास वर्गात मानाने उभे करणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. आमच्या मते डॉक्टरांचे हे धैर्य त्यांच्या सर्व यंत्रांहून मोठे होते.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ नावाची एक कल्पना काढली. संगणकाने चालणारी कापण्या-कोरण्याची छोटी यंत्रे एका खोलीत मांडावयाची आणि सामान्य माणसाने आपल्या गरजेची वस्तू तेथे स्वतः घडवावयाची, अशी ती. त्या संस्थेबाहेर अशा ज्या अगदी पहिल्या कार्यशाळा निघाल्या, त्यांतील एक २००२ साली पाबळला निघाली. न्यूयॉर्क-लंडन सोडून ही माणसे शिरूर तालुक्यात कशासाठी आली? याचे उत्तर आमच्या व्यापारी बुद्धीला सरळ दिसते. तेथे एकोणीस वर्षे काम चालू होते, गिऱ्हाईक होते, वही होती. यंत्र सर्वांच्या शेवटी आले, आणि आल्याबरोबर कामाला लागले. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. आश्रमाचे काम त्यांच्यामागे चालू राहिले आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक गाजलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. पाठ्यपुस्तकांत चौकोनी क्यूआर संकेत छापून त्यांना ध्वनी व चित्रफिती जोडण्याचे त्यांचे काम सर्वत्र प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ही रीत सर्व इयत्तांसाठी स्वीकारली. परंतु आपल्या सीमाभागातील वाचकांस दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटाव्यात. पारितोषिक देणाऱ्या संस्थेने नमूद केले आहे की, तेथील मुलींची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक त्या भाषेत नव्हते, म्हणून या शिक्षकांनी आधी कन्नड शिकून घेतली आणि मग पुस्तकांना हात घातला. संकेत ही मागाहूनची गोष्ट. अडचण कोठे आहे ते आधी पाहिले गेले. दुसरी गोष्ट अशी की, त्याच शाळेत विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या पर्यावरणाच्या प्रकल्पामुळे गावाभोवतीचे हिरवे क्षेत्र दहा वर्षांत २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेल्याचेही त्या संस्थेने म्हटले आहे. वर्तमानपत्रांनी चौकोनी संकेताची चित्रे छापली. झाडांची बातमी मागे राहिली.

आता आपल्या बाजूकडे वळू. ज्या सभासदांचा उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याशी व्यवहार नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कुंभारवाडा हे गाव दाट रानातले. काळी व्याघ्र प्रकल्पाचे एक वनपरिक्षेत्रच त्याच्या नावाने ओळखले जाते. वस्ती वाड्या-वाड्यांत विखुरलेली, बहुतांशी कुणबी. भात हे मुख्य पीक. त्याच्या जोडीला परसातील कोनफळ, करांदे, सुरण, अळकुड्या असे नानाविध कंद. जोयड्याला भरणारा कंदमुळांचा मेळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना या संपत्तीची कल्पना आहे. मुले घरी कोकणी-मराठी बोलतात आणि सरकारी कारभाराची व पुढील शिक्षणाची भाषा कन्नड. पावसाळ्यात वीज आणि मोबाईलची रेंज या दोहोंचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणच्या शाळेला भिंतीवरचा पडदा दिला तर जून ते सप्टेंबर तो भिंतीचीच शोभा वाढवील.

तेथे कोणते काम मुलांना देण्यासारखे आहे? खरे तर देऊ नये, मुलांनी काढावे. गुरुजींनी कापणीच्या सुमारास मुलांना चार अंगणांत न्यावे आणि फक्त विचारावयास सांगावे. वीस प्रश्न निघतील. त्यांतील ज्याचे उत्तर मोजून मिळेल, जे उत्तर गावात कोणाला तरी हवे आहे, आणि जे काम आठ-दहा आठवड्यांत उरकेल, असा प्रश्न मुलांनीच निवडावा. निवड मुलांची, पण या तीन अटींवर गुरुजींनी ठाम राहावे. मुलांचा पुढाकार म्हणजे गुरुजींनी बाहेर जाऊन बसणे नव्हे.

आमच्या धंद्यातला म्हणून एक प्रश्न आम्ही नमुन्यादाखल उलगडून दाखवितो. भात किती वाळवावे आणि ते कणगीत टिकते का? समजा १०० किलो भात २० टक्के ओलाव्याचे आहे. ते १४ टक्क्यांवर आणले तर किती भरेल? मुले, आणि मोठी माणसेही, चटकन ९४ किलो म्हणतात. खरे उत्तर ९३ किलो. कारण ओल्या भातात कोरडा अंश ८० किलो, आणि वाळल्यावर तोच ८० किलो नव्या वजनाच्या ८६ टक्के असतो. ८० ला ०.८६ ने भागले की सुमारे ९३ येतात. या एका किलोवरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात आजवर किती बोलाचाली झाल्या असतील ते आपण सर्व जाणतोच. शेतकऱ्यास वाटते काटा मारला. आपण म्हणतो सुकीची घट. दोघांपैकी कोणीही कागद घेऊन बसत नाही. आठवीचा मुलगा बसू शकतो.

आता साधनांचे पाहू. ओलावा पाहण्याची सर्वांत स्वस्त युक्ती अशी: तव्यावर कोरडे केलेले मीठ आणि थोडे दाणे स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत घालून काही मिनिटे हलवावे, मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. दुसरी रीत प्रयोगशाळेची. नमुना दळून, तोलून, १३० अंश सेल्सिअसला दोन तास तापवून पुन्हा तोलावा. जितके वजन घटले तितका ओलावा. तिसरे, बाजारातील विजेवर चालणारे ओलावामापक. मुलांनी एकाच भाताचे नमुने तिन्ही रीतींनी पाहावे आणि उत्तरे का जुळत नाहीत याचा शोध घ्यावा. यंत्र खोटे बोलू शकते, हे ज्ञान यंत्र वापरण्याच्या ज्ञानाहून कमी मोलाचे नाही. काही महिने ठेवावयाच्या भाताला १४ टक्क्यांची मर्यादा सांगतात, बियाण्याला १२. सरकारी खरेदीत १७ पर्यंत चालते. एकाच दाण्याला तीन मर्यादा का, हा प्रश्न मुले विचारतीलच. विचारला तर प्रकल्प मार्गी लागला असे समजावे.

टिकण्याचा भाग याहून रंजक आहे. कणगीत निगडीचा किंवा कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत आजीला ठाऊक असते. तो पाला खरोखर किडे आवरतो काय? चार सारख्या बरण्या घ्याव्या, प्रत्येकीत एकाच राशीतले एक किलो भात आणि मोजून वीस किडे. दोहोंत पाला घालावा, दोहोंत घालू नये, आणि दर सोमवारी जिवंत किडे मोजावे. बिनपाल्याच्या बरण्या कशासाठी, हे मुलांना एकदा समजले की जाहिरातींनी ती फसणार नाहीत. येथे मोबाईल उपयोगी पडतो: दर सोमवारी त्याच जागेवरून छायाचित्र, आकड्यांचा तक्ता, त्यावरून आलेख, आजीची मुलाखत तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून तिचे मराठी व कन्नड रूप मुलांनी लिहावयाचे, आणि अडले तर धारवाडच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांस दृक्‌श्राव्य संभाषणातून विचारावयाचे. रेंज नसेल तेव्हा नोंद वहीत व यंत्रात साठवावी, आठवड्याच्या बाजाराला जोयड्यास जाणाऱ्याबरोबर पाठवावी. हाच क्रम कंदांसाठीही लावता येईल. परंतु त्या विषयात आमच्यापेक्षा तेथील आयाबाया अधिक जाणत्या आहेत, आम्ही त्यात शिरत नाही.

शेवटी मुलांनी आपले आकडे कोणापुढे मांडावे? परीक्षकापुढे नव्हे, ज्यांच्या अंगणातून प्रश्न उचलला त्या शेतकऱ्यांपुढे. आणि खरेदीस जाणाऱ्या व्यापाऱ्यांपुढे. येथे काही सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील हे आम्ही जाणून आहोत. उद्या ही मुले आपल्याच काट्याजवळ वही घेऊन उभी राहतील. घटीचे गणित आपल्या मुनिमाच्या आधी करतील. राहोत. ज्याचा काटा शिक्क्याचा आणि हिशेब उघडा आहे त्याला यात भिण्यासारखे काही नाही. उलट रोजची हुज्जत वाचेल. ज्याला भीती वाटते त्याने शाळेला देणगी देऊ नये, हे बरे.

अडचणी खऱ्या आहेत. दहावीच्या परीक्षेत पालकांचा जीव अडकलेला असतो, आणि बरण्यांतले किडे मोजल्याबद्दल तेथे गुण मिळत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, हे सातवी-आठवीत करावे, आणि पुस्तकातील टक्केवारी, आलेख, बाष्पीभवन हे धडे त्याच आठवड्यांत घ्यावे, म्हणजे वेळ दोनदा जात नाही. दुसरी अडचण शिक्षकांची. एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात, त्यावर सरकारी तक्ते भरावयाचे असतात. त्यांच्यावर आणखी एक ओझे लादून आपण सत्पात्री दान केल्याचे समाधान मानू नये. पाबळच्या धर्तीवर गावातील जाणता शेतकरी, विजेचे काम जाणणारा तरुण यांस आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन बोलवावे. ते मानधन आपण द्यावे. तिसरी अडचण गटांची. पाच जणांच्या गटात एक राबतो आणि चौघे सही करतात, हे पेढीवरही घडते. त्यावर आम्हांस एकच उपाय दिसतो: तोलणारा, लिहिणारा, विचारणारा, छायाचित्रे काढणारा आणि खर्च ठेवणारा अशी कामे वाटून दर दोन आठवड्यांनी पालटावी. खर्चाची वही प्रत्येक मुलीच्या व मुलाच्या हातून एकदा तरी गेलीच पाहिजे.

पैशाविषयी सरकारकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानाने २०१६ पासून शाळांना ज्या टिंकरिंग प्रयोगशाळा दिल्या, त्यांची २० लाख रुपयांची मदत दोन भागांत विभागली होती: १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढील पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी. म्हणजे जितके यंत्राला तितकेच ते चालविण्याला. आपल्या संघाच्या शिक्षण निधीतही हेच प्रमाण असावे, अशी सूचना आम्ही सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत. वरील भाताच्या प्रकल्पाला तर लाखांची गोष्टच नाही. चार बरण्या, एक चांगला काटा, हवेतील आर्द्रता दाखविणारे काही शे रुपयांचे यंत्र, एक ओलावामापक आणि एक मोबाईल, इतकेच साहित्य लागेल; बाकी रक्कम मानधनाला, दुरुस्तीला आणि शेवटच्या सभेच्या चहाला. आमच्या काही मित्रांस यात भपका कमी वाटतो. संगमरवरी पाटी लावावयास जागा नाही, हे खरे.

काळाचे भान मात्र ठेवले पाहिजे. त्या बाजूचे भात पाऊस ओसरल्यावर कापणीस येते आणि नाताळाच्या आत बरेचसे कणगीत जाते. तेव्हा गुरुजींची गाठ श्रावणातच घ्यावयास हवी, साहित्य दसऱ्यापूर्वी पोहोचावयास हवे. ज्या सभासदांची खरेदी कुंभारवाड्याच्या बाजूला असेल त्यांनी यंदा माल उचलताना प्रत्येक राशीतून दोन किलो भात रोख दाम देऊन शाळेसाठी वेगळे काढावे आणि पिशवीवर वाडीचे नाव, कापणीची तारीख व वाळवणीचे दिवस शाईने लिहून द्यावे. पिशव्या गोळा करून शाळेत पोहोचविण्याचे काम आमच्या पेढीने पत्करले आहे.